शंभराव्या टर्नला अडकणारं साम्राज्य: टॉल-वाइडचा घोळ कसा सोडवायचा

सिव्हिलायझेशनसारखे साम्राज्य उभारायचे, टर्नाटर्नाने (खेळीने) पुढे जाणारे कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. पहिले साठ-सत्तर टर्न झकास जातात, राजधानी फुगते, एक-दोन वंडर (जगात एकदाच बांधता येणाऱ्या भव्य वास्तू) पदरात पडतात आणि शंभरच्या आसपास सगळं थबकतं. पुढच्या टेक्नॉलॉजीला लागणारे टर्न कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागतात, शहरांची वाढ लाल आकड्यांत दिसते आणि ज्या शेजाऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं तो स्कोअरमध्ये पुढे निघून जातो. यावर सल्ले दोन मिळतात. एक म्हणतो शहरं वाढव, दुसरा म्हणतो इतकी शहरं केलीस कशाला. गंमत म्हणजे दोन्ही सल्ले एकाच सेव्ह फाइलबद्दल असतात.

थोडी पण भरभक्कम शहरं म्हणजे टॉल, पुष्कळ आणि पसरलेली म्हणजे वाइड, एवढं सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा होतो तो या दोन गोष्टींना खेळण्याच्या आवडीनिवडी समजल्यामुळे. प्रत्येक गेममध्ये पुढच्या एका शहराला काहीतरी किंमत मोजावी लागते आणि ते शहर ती किंमत फेडायला काही टर्न घेतं. अडकलेल्या साम्राज्यांपैकी फार थोडी शहरांच्या संख्येमुळे अडकलेली असतात. बहुतेकांची शहरं उशिरा वसलेली असतात, नाहीतर वसवून वाऱ्यावर सोडलेली असतात.

आधी निदान

काहीही बदलण्याआधी शहरांची यादी उघडा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा. शेवटचा सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) कोणत्या टर्नला निघाला? सर्वांत नवी तीन शहरं मिळून राजधानीच्या विज्ञानाच्या किती टक्के देतात? आणि प्रत्येक शहर नेमकं कशाने अडलंय: घरं, सुखसोयी, अन्न, की प्रॉडक्शन? या तिसऱ्या प्रश्नाला 'सगळंच कमी आहे' हे उत्तर चालणार नाही. एका वेळी एकच मर्यादा आड येत असते. ती हलली की दुसरी दिसते.

सिव्हिलायझेशन ६ मध्ये हे चित्र साधारण तीन प्रकारचं निघतं. पहिल्या प्रकारात चार-पाच शहरं असतात, राजधानीची लोकसंख्या १५ च्या पुढे, वंडरांची रांग, आणि सेटलर पन्नासाव्या टर्ननंतर एकही नाही. दुसऱ्यात बारा-तेरा शहरं, पण निम्म्यांची लोकसंख्या ३-४ वर थिजलेली. प्रत्येक ठिकाणी एक अर्धवट डिस्ट्रिक्ट (एका विशिष्ट कामासाठी शहराभोवती बांधायचा विभाग) आणि प्रॉडक्शनच्या रांगेत भलतंच काही. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्याला कुणी नाव देत नाही: सहा-सात शहरं, त्यातली तीन बरी, बाकीची ऐंशीव्या टर्ननंतर उरलेल्या जागेत कोंबलेली. हा खेळाडू स्वतःला टॉल म्हणवतो. प्रत्यक्षात त्याला टॉलचे फायदेही मिळत नाहीत आणि वाइडचेही.

तिसऱ्या प्रकारामागे बऱ्याचदा सिव्हिलायझेशन ५ ची सवय असते. त्या गेममध्ये, विशेषतः २०१३ च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड विस्तारानंतर, चार शहरं आणि ट्रॅडिशन नावाचा पॉलिसींचा गट हा हुकमी डाव होता. २०१६ साली सिव्ह ६ आला तेव्हा तीच चार शहरं घेऊन लोक त्यात उतरले, आणि अजूनही उतरतात. नियम मात्र मुळापासून बदललेले होते.

एका शहराची किंमत काढायची कशी

सिव्ह ५ चं उदाहरण घेऊ, कारण तिथे किंमत टक्क्यांत लिहिलेली आहे. स्टँडर्ड आकाराच्या नकाशावर प्रत्येक नव्या शहरामागे टेक्नॉलॉजीची किंमत ५ टक्क्यांनी वाढते आणि सोशल पॉलिसीची (संस्कृतीने मिळवायच्या कायमच्या सवलतींची) १० टक्क्यांनी. लाल रंगातले हे टक्के पाहून माणूस दचकतो आणि सेटलर रद्द करतो. पण हे टक्के मूळ किमतीवर लागतात, चक्रवाढीने नाही. त्यामुळे हिशेब असा होतो.

राजधानीमागे वाढ लागत नाही, म्हणून राजधानी धरून चार शहरांवर टेक्नॉलॉजी मूळ किमतीच्या १.१५ पट असते, पाचव्यानंतर १.२० पट. म्हणजे वाढ झाली सुमारे ४.३ टक्के. पाचव्या शहराने तुमच्या एकूण विज्ञानात ४.३ टक्के भर घातली की त्याची किंमत फिटली. तुमच्या सरासरी शहराशी तुलना केली तर हे पाचवं शहर सरासरीच्या सतरा-अठरा टक्के जरी देत असलं तरी तोटा नाही. हाच हिशेब दहा शहरांवर केला तर अकराव्याला सरासरीच्या जवळपास ३५ टक्के द्यावे लागतात आणि वीस शहरांवर एकविसाव्याला निम्म्याच्या थोडं वर. संख्या कितीही वाढवा, हा आकडा शंभर टक्क्यांच्या पुढे कधीच जात नाही.

याचा अर्थ असा की विज्ञानापुरतं पाहिलं तर बाकीच्यांच्या तोडीचं शहर कधीच तोट्यात नसतं. तोटा होतो तो तोडीला यायला लागणाऱ्या वेळामुळे. तिसाव्या टर्नला वसलेलं शहर सरासरीच्या पस्तीस टक्क्यांवर लवकर पोचतं. एकशे तिसाव्या टर्नला वसलेल्या शहराला लायब्ररीपासून सुरुवात करायची असते, आणि तोवर बाकीची शहरं युनिव्हर्सिटी बांधून बसलेली असतात. किंमत पहिल्या टर्नपासून चालू, परतावा तीस-चाळीस टर्नांनी. म्हणून 'किती शहरं?' असं विचारणाऱ्याला 'कितव्या टर्नला?' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

मग सिव्ह ५ मध्ये चार शहरं का जिंकतात? तिथे खरी लगाम विज्ञानाची नसून आनंदाची आहे. प्रत्येक शहर ३ नाराजी आणतं, त्यावर प्रत्येक नागरिक १. लोकसंख्या ४ चं शहर म्हणजे ७ नाराजी. नवा लक्झरी रिसोर्स (रेशीम, मसाल्यासारखी चैनीची वस्तू) देतो ४ आनंद, कोलोसियम २. एकूण आनंद शून्याखाली गेला की सगळ्या शहरांची वाढ एक चतुर्थांशावर येते आणि उणे १० च्या खाली सेटलर बांधताच येत नाही. त्यामुळे नियम सरळ आहे: नव्या जागेच्या कक्षेत तुमच्याकडे नसलेला लक्झरी नसेल, तर ती जागा सोडा. दुसरी प्रत असलेला लक्झरी आनंद वाढवत नाही. तो शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडचा वेगळा घ्यायला कामी येतो.

ट्रॅडिशनची भेट चार शहरांपुरतीच मोजलेली आहे, हेही कारण आहेच. त्यातलं लीगलिझम पहिल्या चार शहरांत संस्कृतीची इमारत फुकट देतं, पूर्ण ट्रॅडिशन पहिल्या चारांत ॲक्विडक्ट. पाचव्याला काही नाही. लिबर्टी हा दुसरा गट घेतला असेल तर उलट: कलेक्टिव्ह रूल फुकट सेटलर देतं, मेरिटॉक्रसी राजधानीला रस्त्याने जोडलेल्या प्रत्येक शहरामागे १ आनंद देतं. लिबर्टी घेऊन चार शहरांवर थांबणं आणि ट्रॅडिशन घेऊन आठवर जाणं, दोन्हींत पॉलिसी वाया जातात. आणि नॅशनल कॉलेज या विज्ञान वाढवणाऱ्या इमारतीचा सापळा लक्षात ठेवा. त्याला प्रत्येक शहरात लायब्ररी लागते (पपेट, म्हणजे जिंकलेली पण स्वतःचा कारभार स्वतःच पाहणारी शहरं सोडून). कॉलेजला दहा टर्न उरलेले असताना नवं शहर वसवलं की कॉलेज अडलंच. एक तर तीन-चार शहरं लवकर वसवून सगळीकडे लायब्ररी विकत घ्या, नाहीतर कॉलेज पूर्ण होईपर्यंत सेटलर रोखून धरा. मधला मार्ग इथे सर्वांत वाईट.

सिव्ह ६: शहरं कमी पडतायत

या गेममध्ये शहरांच्या संख्येमुळे टेक्नॉलॉजी किंवा सिव्हिक (संस्कृतीने शिकायच्या कल्पना) महाग होत नाही. किंमत मोजावी लागते ती तीन ठिकाणी: सेटलर, सुखसोयी आणि डिस्ट्रिक्टचा वाढता भाव. आणि अन्नाचा हिशेब इतका एकतर्फी आहे की तो एकदा मांडून पाहावाच.

पुढचा नागरिक मिळवायला लागणारं अन्न असं वाढतं: लोकसंख्या १ वरून २ ला १५, नंतर २४, नंतर ३३. म्हणजे १ वरून ४ वर जायला ७२. तिकडे १० वरून ११ वर जायला एकट्या पायरीला ११४ लागतात आणि १० वरून १३ वर जायला एकूण ३८० च्या आसपास. आता डिस्ट्रिक्टची जागा, म्हणजे आणखी एक डिस्ट्रिक्ट बांधायची मुभा, मिळते लोकसंख्या १, ४, ७, १०, १३ अशा टप्प्यांवर. मोठ्या शहरात ३८० अन्न घालून एक जागा मिळते. तेवढ्याच अन्नात पाच नवी शहरं ४ वर जातात आणि प्रत्येकी दोन, म्हणजे दहा जागा देतात. कॅम्पसचं विज्ञान, थिएटर स्क्वेअरची संस्कृती हे सगळं उत्पन्न डिस्ट्रिक्टच्या जागांतून येतं. राजधानी वीसवर नेण्याची हौस इथेच महागात पडते.

सेटलरचा भाव स्टँडर्ड वेगावर ८० प्रॉडक्शनपासून सुरू होतो आणि दर सेटलरमागे ३० ने चढतो. दहावा सेटलर ३५० ला पडतो. म्हणून तो नुसता बांधायचा नसतो:

१. लोकसंख्या साम्राज्यात एकूण ६ झाली की अर्ली एम्पायर सिव्हिकचा बूस्ट (काही भाग फुकट) मिळतो. ते पूर्ण करून कॉलनायझेशन हे पॉलिसी कार्ड लावा. सेटलरसाठी प्रॉडक्शन ५० टक्के वाढतं.

२. कार्ड लावलेलं असतानाच सगळे सेटलर काढा. कार्ड नसताना एक, कार्डवर दोन, मग मध्येच कार्ड बदलून पुन्हा एक, हा प्रकार टाळा.

३. मॅग्नस गव्हर्नरला एका शहरात बसवा आणि प्रोव्हिजन बढती द्या. त्या शहरातून निघालेला सेटलर नागरिक घेऊन जात नाही. स्टँडर्ड वेगावर गव्हर्नर बसायला पाच टर्न लागतात, ते आधीच धरा.

४. सेटलर रांगेत असतानाच जंगल तोडा. तोडीचं प्रॉडक्शन चालू असलेल्या कामाला जातं आणि कार्डाचा गुणाकार त्याला लागतो. मात्र जिथे कॅम्पसला जंगलाची अजेसन्सी (शेजारच्या जागेमुळे मिळणारा बोनस) मिळणार आहे ते रेनफॉरेस्ट शिल्लक ठेवा.

५. गव्हर्नमेंट प्लाझा या डिस्ट्रिक्टमध्ये ॲन्सेस्ट्रल हॉल बांधलात तर त्या शहरात सेटलरसाठी आणखी ५० टक्के प्रॉडक्शन आणि प्रत्येक नव्या शहराला एक फुकट बिल्डर (शेतं-खाणी बांधणारं, जंगल तोडणारं युनिट). सहाव्या शहराच्या आत हॉल उभा राहिला तरच त्याचा अर्थ. दहाव्यानंतर बांधलेला हॉल म्हणजे वाया गेलेली इमारत.

जाणकार खेळाडूंमध्ये शंभराव्या टर्नला दहा शहरं हा ढोबळ मापदंड चालतो. शेजारी अंगावर असेल तर तो पाळता येत नाही आणि पाळू नये. पण सात शहरांवर समाधानी असाल तर कारण काय आहे ते सांगता आलं पाहिजे.

जागाच नाही, ही सबब बऱ्याचदा मोजमापाच्या चुकीतून येते. सहा-सात टाइल (नकाशाचे षटकोनी तुकडे) अंतर ठेवून शहरं वसवायची सवय लागलेली असते, कारण शहर तीन टाइलपर्यंत काम करतं आणि ओव्हरलॅप वाईट दिसतो. नियम मात्र फक्त एवढाच आहे की दोन शहरांच्या मध्ये किमान तीन टाइल हव्यात. म्हणजे केंद्र ते केंद्र चार. सगळीकडे चारचं अंतर ठेवलं तर प्रत्येक शहराच्या वाट्याला केंद्र धरून सोळा टाइल येतात. त्यात चार डिस्ट्रिक्ट गेले तरी अकरा उरतात, आणि दहा लोकसंख्येच्या शहराला तेवढ्या पुरतात. छत्तीस टाइलच्या पूर्ण वर्तुळाचा उपयोग करणारं शहर सिव्ह ६ मध्ये क्वचितच होतं.

दाट वस्तीचा आणखी फायदा म्हणजे फॅक्टरी, पॉवर प्लांट, झू, स्टेडियम यांचा परिणाम सहा टाइलपर्यंत पोचतो. एक फॅक्टरी चार-पाच शहरांना पुरते. डिस्ट्रिक्टना एकमेकांच्या शेजाराची अजेसन्सी मिळते. सरहद्द आखूड राहते, त्यामुळे चार क्रॉसबोमन (दुरून मारा करणारी युनिट) संपूर्ण साम्राज्याची राखण करू शकतात. शहरं थोडी असणं आणि साम्राज्य आटोपशीर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर आटोपशीर आणि यादीत वाइड, हा या गेममधला सर्वांत भक्कम आकार आहे.

सिव्ह ६: शहरं आहेत, पण मेलेली

बारा शहरं आहेत आणि तरी विज्ञान हलत नाही, तर खालच्या क्रमाने तपासा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सुखसोयी कमी असताना अन्न वाढवून काही होत नाही.

घरं. शहर गोड्या पाण्यावर असेल तर ५, समुद्रकाठी ३, दोन्ही नसेल तर २ घरांपासून सुरुवात होते. लोकसंख्या घरांपेक्षा एकनेच कमी उरली की वाढ निम्मी होते, बरोबरीला आली की पाव, आणि पाचने वर गेली की थांबते. कोरड्या जागेवरचं शहर तीनवर थिजलंय याचं कारण शंभरात नव्वद वेळा हेच असतं. ॲक्विडक्ट कोरड्या शहराला सहापर्यंत नेतो, ग्रॅनरी दोन देते. ॲक्विडक्ट डिस्ट्रिक्टच्या मर्यादेत मोजला जात नाही, त्यामुळे लोकसंख्या १ असतानाही बांधता येतो. ज्या शहराला मुळातच गोडं पाणी आहे तिथे ॲक्विडक्ट फक्त दोन घरं वाढवतो. तिथे घाई नको.

सुखसोयी. ढोबळमानाने दर दोन नागरिकांमागे एक लागते. एक लक्झरी रिसोर्स चार शहरांना प्रत्येकी एक देतो, आणि कोणत्या शहरांना हे गेम गरजेनुसार ठरवतो. बारा शहरांना तीन लक्झरी म्हणजे प्रत्येकी एक. त्याच लक्झरीची दुसरी प्रत ठेवून काही मिळत नाही. ती विका किंवा बदला. कॉम्प्युटर खेळाडू लक्झरीला बरी किंमत देतात, हे उत्पन्न बहुतेकांच्या हिशेबातच नसतं. एंटरटेनमेंट कॉम्प्लेक्स प्रत्येक शहरात बांधू नका. मध्यभागी एक बांधून त्यात झू उभारा, सहा टाइलचा परिणाम त्यासाठीच आहे. दोन झू एकाच शहरावर पडले तर त्यांची बेरीज होत नाही.

डिस्ट्रिक्टचा भाव. इथे उशिराचा दंड सर्वांत स्पष्ट दिसतो. बहुतेक डिस्ट्रिक्ट ५४ प्रॉडक्शनपासून सुरू होतात आणि तुमची टेक्नॉलॉजी किंवा सिव्हिक, जे पुढे असेल त्याप्रमाणे चढत शेवटी दहापटीच्या आसपास जातात. टेक्नॉलॉजीचा पाचवा भाग झालेला असताना कॅम्पस १५० ला पडतो, अर्धा झाल्यावर तोच ३०० च्या घरात. नव्या शहराचं प्रॉडक्शन असतं पाच-सहा. पन्नास टर्न एकाच डिस्ट्रिक्टला.

उपाय असा: लोकसंख्येने परवानगी दिली की त्याच टर्नला डिस्ट्रिक्टची टाइल ठरवून टाका, लगेच बांधायचा नसला तरी. टाइल ठरवली त्या क्षणी भाव गोठतो. मग रांगेत दुसरं काही पुढे घ्या आणि डिस्ट्रिक्टकडे सवडीने या. शिवाय तुमच्याकडच्या सरासरीपेक्षा कमी संख्या असलेल्या प्रकाराच्या डिस्ट्रिक्टला ४० टक्के सूट मिळते. सहा कॅम्पस आणि एकच कमर्शियल हब असेल तर पुढचे हब स्वस्तात पडतात. भाव गोठवण्यासाठी या सवलतीचा मुहूर्त साधला तर उत्तम.

प्रॉडक्शनची सुरुवात. नवं शहर स्वतःच्या बळावर उभं राहील अशी अपेक्षा धरू नका. ट्रेडरचं मूळ शहर बदलून नव्या शहरात न्या आणि तिथून तुमच्याच एखाद्या भरभराटीच्या शहराकडे मार्ग काढा. देशांतर्गत मार्गाचं अन्न आणि प्रॉडक्शन मूळ शहराला मिळतं, आणि ते किती हे पोचण्याच्या शहरातल्या डिस्ट्रिक्टवर ठरतं. राजधानीतून नव्या शहराकडे मार्ग काढणारे बरेच असतात. त्यांना फक्त रस्ता मिळतो, मदत नाही. एक मार्ग, एका बिल्डरच्या दोन तोडी आणि सोन्याने विकत घेतलेलं मॉन्युमेंट, एवढ्यावर शहर पंधरा-वीस टर्नांत कामाला लागतं.

नव्या शहराची रांग प्रत्येक वेळी नव्याने ठरवत बसणं हेही एक दुखणं आहे. बारा शहरांची निवड दर टर्नला करायची म्हटलं की कंटाळा येतो आणि मग शहर काहीही बांधत बसतं. एकच साचा ठरवा: मॉन्युमेंट, मग एक ठरलेला डिस्ट्रिक्ट (विज्ञानाच्या विजयासाठी कॅम्पस), त्याच्या पहिल्या दोन इमारती, ग्रॅनरी गरज असेल तरच, मग व्यापारी मार्गासाठी कमर्शियल हब किंवा हार्बर. यापलीकडचं फक्त वरच्या चार शहरांत. दुय्यम शहरात वंडर सुरू केलेलं दिसलं तर रद्द करा.

राइज अँड फॉल (२०१८) किंवा त्यापुढचा विस्तार लावलेला असेल तर लॉयल्टीही (शहराची तुमच्यावरची निष्ठा) बघा. नऊ टाइलच्या आत असलेली लोकसंख्या दाब टाकते आणि अंतरानुसार तो कमी होतो. सेटलर निवडल्यावर नकाशावर जागेची लॉयल्टी दिसते. दर टर्नला उणे वीस दिसत असेल तर ते शहर पाच टर्नांत स्वतंत्र होणार. गव्हर्नर ८ देतो. परक्याच्या सरहद्दीवर एकटं शहर टाकण्यापेक्षा दोन-तीन सेटलर एकदम नेऊन शहरं एकमेकांना टेकवून वसवली तर टिकतात. शेजारी गोल्डन एजमध्ये (भरभराटीच्या युगात) आणि तुम्ही डार्क एजमध्ये (पडत्या युगात) असाल तर त्या युगात तिकडे फिरकूच नका.

स्टेलारिस: लाल आकड्याची भीती

स्टेलारिस या अंतराळातल्या साम्राज्याच्या गेममध्ये (२०१६) वरच्या पट्टीत एम्पायर साइज दिसतो, आणि १०० ओलांडले की तो लाल होतो. १०० पर्यंतचा आकार फुकट. पुढच्या प्रत्येक एककामागे टेक्नॉलॉजी आणि ट्रॅडिशन थोडे महाग होतात. सिव्ह ५ चा हिशेब इथे तसाच लागू पडतो. १०० च्या आत राहायचं म्हणून वसाहती नाकारणारा खेळाडू मधल्या टप्प्यात अलॉयच्या (जहाजांना लागणाऱ्या मिश्रधातूच्या) टंचाईत सापडतो आणि दोष नशिबाला देतो.

आकड्यावर माऊस नेला की वाटा दिसतो: किती वसाहतींमुळे, किती तारा-प्रणालींमुळे, किती लोकसंख्येमुळे. एका वसाहतीचा भार एका प्रणालीच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे कापायचं झालं तर अर्धवट वसाहती आधी: जिथे नोकऱ्या रिकाम्या, इमारती दोन, आणि ग्रहावर अन्न, खनिज, संशोधन असं सगळ्याचं थोडंथोडं. असा ग्रह एकाच कामाला लावा. अलॉयचा ग्रह म्हणजे फक्त अलॉय. डेझिग्नेशन (ग्रहाचं मुख्य काम) त्याप्रमाणे ठरवा. तरीही भार वाटत असेल तर लांबचा सेक्टर व्हॅसल (मांडलिक राज्य) म्हणून मोकळा करा; त्याचा आकार तुमच्या खात्यातून जातो आणि करार नीट केला तर कर येत राहतो. इम्पीरियल प्रेरॉगेटिव्ह हे ॲसेन्शन पर्क वसाहतींचा भार निम्मं करतं, पण ते दहा-बारा वसाहतींनंतरच घ्यावं.

उलट बाजूला, रिकाम्या प्रणाली घेण्यात इन्फ्लुएन्स (विस्ताराला लागणारा राजकीय प्रभाव) उधळणं ही सुरुवातीची चूक. शेजारच्या प्रणालीलाही साधारण ७५ इन्फ्लुएन्स आणि १०० अलॉय जातात. आधी चोकपॉइंट (ज्यांतून जावंच लागतं अशा प्रणाली) घ्या, मागचं कुणी पळवत नाही.

मे २०२५ च्या ४.० आवृत्तीने लोकसंख्येचे आकडे आणि नोकऱ्यांची मांडणी मुळापासून बदलली. त्याआधीच्या मार्गदर्शकांतले नेमके आकडे आता जुळत नाहीत. तत्त्व तेच, संख्या स्क्रीनवरच वाचा.

बाकीचे, थोडक्यात

युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये प्रांताची डेव्हलपमेंट (समृद्धी) स्वतः एकने वाढवायला मुळात ५० पॉइंट लागतात. जिंकलेल्या प्रांताचं कोअर करायला (तो पूर्णपणे आपला करायला) प्रत्येक डेव्हलपमेंटमागे मुळात १० प्रशासकीय. पाचपट फरक आहे, म्हणून तिथे निव्वळ टॉल हा बहुधा हौसेचा मामला. वाढ अडते ती ओव्हरएक्स्टेन्शन (कोअर न झालेल्या प्रांतांचा भार) १०० टक्क्यांवर गेल्यावर, किंवा गव्हर्निंग कपॅसिटी (कारभार पेलण्याची क्षमता) संपल्यावर. कपॅसिटी संपली की प्रांत टाकून देण्याऐवजी श्रीमंत स्टेटमध्ये कोर्टहाउस बांधा आणि कंगाल स्टेट टेरिटरी (दुय्यम दर्जाचा प्रदेश) करा. टेरिटरीची ऑटॉनॉमी (स्वायत्तता) ९० टक्क्यांखाली जात नसल्याने तिथलं उत्पन्न जवळपास शून्य धरूनच हा निर्णय घ्या. डेव्हलपिंगचा खरा उपयोग नवी इन्स्टिट्यूशन (छपाईसारखा युगाचा नवा बदल) आपल्या प्रांतात उगवण्यासाठी. त्या वेळी एकाच प्रांतात ओता, सगळीकडे शिंपडू नका.

क्रुसेडर किंग्ज ३ मधला प्रश्न आकाराचा नसून वारशाचा असतो. राजधानीच्या डचीतल्या (सरदारकीतल्या) काउंटी (जिल्हे) बांधून काढल्या आणि राजा मेला की पार्टिशनने (वारसांत वाटणी करण्याच्या नियमाने) त्या मुलांत वाटल्या जातात. टॉल खेळायचं तर दुय्यम मुलांसाठी बाहेरच्या काउंटी जिंकून ठेवाव्या लागतात. म्हणजे टॉल टिकवायला थोडं वाइड व्हावंच लागतं.

सिव्हिलायझेशन ७ मध्ये (फेब्रुवारी २०२५) सेटलमेंट लिमिट आहे आणि मर्यादेपलीकडच्या प्रत्येक वस्तीमागे सगळ्या वस्त्यांचा आनंद ५ ने घटतो. टाउन आणि सिटी दोन्ही मर्यादेत सारखेच मोजले जातात. आनंद शिल्लक असेल तर एक-दोनने ओलांडायला हरकत नाही. अडकण्याचं नेहमीचं कारण वेगळंच आहे: प्रत्येक टाउनची सिटी करून टाकणं. टाउनचं प्रॉडक्शन सोन्यात बदलतं आणि विशेषीकरण केलं की अन्न जोडलेल्या सिटीकडे जातं. सगळ्याच सिटी झाल्या तर त्यांना पोसणारं कुणी उरत नाही.

उशीर झालाच असेल तर

सिव्ह ६ मध्ये एकशे वीसाव्या टर्नला पाच शहरं असतील तर आता सेटलर काढून पहिल्या पन्नास टर्नांची भरपाई होणार नाही. तयार शहरं मिळवण्याचा मार्ग तेवढा उरतो. कॉम्प्युटर खेळाडूने डिस्ट्रिक्ट आधीच बांधलेले असतात. जिंकलेलं शहर तुमच्या नव्या शहरापेक्षा तीस-चाळीस टर्न पुढे असतं. सर्वांत जवळचा, तंत्रज्ञानात मागे पडलेला शेजारी निवडा, दोन तटबंदी फोडणारी आणि चार दूर मारा करणारी युनिट काढा आणि एका वेळी एकच शहर घ्या. लढाई नको असेल तर पाचच शहरांत संस्कृती किंवा डिप्लोमसीच्या विजयाकडे वळा. विज्ञानाची शर्यत सोडा.

आणि आपली नेमकी चूक कोणती हे तर्काने ठरवण्यापेक्षा तपासणं सोपं आहे. पन्नासाव्या टर्नची सेव्ह ठेवा. तिथून एकदा चाळीस टर्न सेटलर काढत खेळा, एकदा न काढता. नव्वदाव्या टर्नला दोन्हींतलं विज्ञान आणि एकूण प्रॉडक्शन लिहा. मग दोन्ही फाइल आणखी तीस टर्न पुढे न्या, कारण नव्वदला सेटलर काढणारी फाइल बऱ्याचदा मागेच असते. ओलांडणं होतं ते एकशे दहाच्या आसपास. तेव्हाही झालं नाही, तर नव्या शहरांच्या प्रॉडक्शनच्या रांगा उघडून बघा.